देव्हाऱ्यातली चकती: बसऱ्याला गेलेल्या एका शिपायाचा शोध

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीनं लिहितो आहे. नावं आणि गाव गाळलं आहे, ओळख पटेल असे काही बारकावे बदलले आहेत. मी मोडी वाचतो आणि लोकांच्या घरचे जुने कागद लावून देतो. हा माझा धंदा नाही, खाज आहे. त्यामुळे खालच्या चुकांमधल्या निम्म्या माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

एका दिवाळीनंतर एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा फोन आला. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं गाव, मराठा शेतकरी घराणं. पुढे त्यांना बाई म्हणतो. बाईंचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परतलेच नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही, कागद नाही. त्यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या चार वाक्यं तेवढी चालत आलेली: "जर्मनच्या लढाईत गेले. बोटीनं गेले. जंगीत होते. परत आले नाहीत."

त्याला जोडून एक पाचवं वाक्य होतं, ते बाईंनी दुसऱ्या फोनला सांगितलं. पणजोबा गेल्यावर त्यांच्या थोरल्या भावानं पणजीला जमिनीत घेतलं नाही, म्हणून ती माहेरी गेली आणि तिकडेच वारली. त्या थोरल्या भावाचं घराणं त्याच गावात, चार घरं सोडून राहतं. लग्नाकार्याला येणंजाणं आहे, पण बोलण्यात कायम एक गाठ.

बाईंना शोध कशासाठी हवा होता? मृत्यूची तिथी माहीत नाही म्हणून पणजोबांचा म्हाळ सर्वपित्रीला घालतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "माणूस कुठं पडला आणि कधी पडला, हे तरी कळू दे."

अडचण

गावाच्या चावडीजवळ संगमरवरी फरशी आहे. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले, 1914 ते 1919, असा इंग्रजी मजकूर. दोन आकडे आणि नाव एकही नाही. अशा फरश्या सरकारनं लढाईनंतर गावोगाव बसवल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण त्या युद्धात कामी आले. ते गाव पुढे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं, त्यामुळे ते ठाऊक असतं. बाकीच्या गावांत त्या फरशीला टेकून लोक एस.टी.ची वाट बघतात.

अडचणी तीन होत्या. पहिली, आपल्याकडच्या साध्या शिपायांची नोकरीची स्वतंत्र कागदपत्रं त्या काळातली क्वचितच हाती लागतात. दुसरी, पणजोबांचं खरं नाव कुणालाच खात्रीनं माहीत नव्हतं. घरात जे नाव सांगत ते हाक मारायचं होतं आणि पलटणीत भरती होताना माणूस हाकेचं नाव सांगत नाही. तिसरी अडचण इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाची. आडनाव शिंदे धरा. कागदावर ते सिंदे, शिंडे, सिंदा असं काहीही होतं, आणि कित्येकदा आडनाव लिहिलेलंच नसतं. नुसतं नाव आणि बापाचं नाव.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत आम्ही वहीत पर्याय मांडले. बाई जन्मभर शिक्षिका, त्यांनी समास आखूनच घेतला.

सगळ्यात सोपा वाटणारा पर्याय कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळाचा. युद्धात मेलेल्यांची यादी तिथे फुकट शोधता येते. रेड क्रॉसची युद्धकैद्यांची पत्रकंही ऑनलाइन आहेत, पण माणूस कैदेत गेला होता की नाही हेच माहीत नसताना त्यात शिरणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि सुमारे 3 लाख 20 हजार नावं लोकांसाठी खुली झाली. बाईंच्या लंडनमधल्या पुतण्यानं त्याचीच लिंक पाठवली होती. पण ते पंजाबचं. आपल्या जिल्ह्यांना त्याचा उपयोग नाही.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथे जायचं का? इथे एक गोष्ट सांगायला हवी. 1922 मध्ये पलटणींची फेररचना झाली, तोपर्यंत 'मराठा लाइट इन्फन्ट्री' अशी एक रेजिमेंट नव्हती. 103, 105, 110, 114, 116, 117 अशा क्रमांकांच्या वेगवेगळ्या पलटणी होत्या आणि शिपायाचा नंबर त्या त्या पलटणीपुरता असायचा. म्हणजे एकच नंबर दोन पलटणींत दोघांना असू शकतो. पलटण आणि नंबर हातात नसताना बेळगावला जाऊन "आमचे पणजोबा सापडतील का" विचारणं म्हणजे पुण्यात जाऊन "जोशी कुठं राहतात" विचारण्यासारखं.

उरले घरचे पर्याय. हेळवी, महसुली कागद आणि घरातल्या वस्तू. हेळवी आमच्या भागात अजून येतात. पूर्वी बैलावरून यायचे, आता मोटारसायकलवरून. वंशावळ वाचून दाखवतात, नवी नावं घालून घेतात, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. बाई म्हणाल्या, "त्यांचं काय खरं?" आणि मी मान डोलावली.

आम्ही संकेतस्थळ निवडलं. कारण ते घरबसल्या होत होतं, दुसरं काही नाही.

फ्रान्सची आडवाट

जर्मनच्या लढाईत म्हणजे जर्मनांशी लढाई, म्हणजे फ्रान्स. हे गणित इतकं सरळ वाटलं की त्यावर कुणी बोललंच नाही. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. तिथे शोधताना घरच्या नावाच्या जवळ जाणारं एक नाव सापडलं. जिल्हा सातारा, तुकडी खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सची, मृत्यू 28 ऑक्टोबर 1914. त्या दिवशी या सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्यांनी न्यूव्ह शापेल गावात घुसून लढाई केली आणि त्यांची भयंकर हानी झाली. सुरुंग लावणारी, पूल बांधणारी माणसं पायदळासारखी वापरली गेली. वाचताना अंगावर काटा येतो, आणि काटा आला की माणसाला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.

बाईंना वाटलंच. पुतण्यानं फ्रान्सच्या प्रवासाचं बघायला सुरुवात केली.

एकच खोट होती, बापाचं नाव जुळत नव्हतं. घरच्यांनी तोडगा काढला: "साहेबानं चुकीचं लिहिलं असेल." आता मी जे सांगितलं होतं त्यावर मीच पाणी सोडलं पाहिजे का, हा निर्णयाचा पहिला क्षण. कारकून चुका करतात, हे मीच त्यांना समजावलं होतं. पण चूक स्पेलिंगची असते. एका बापाच्या जागी दुसरा बाप सहसा येत नाही. शिवाय बाईंच्या आजीकडून आलेलं "जंगीत होते" हे वाक्य सॅपर्सशी बसत नव्हतं. आम्ही त्याचा अर्थ 'जंगात होते' असा लावून मोकळे झालो होतो.

मी बाईंना सांगितलं की दुसरा पुरावा मिळेपर्यंत तिकीट काढू नका. सांगितलं खरं, पण तोवर चार महिने गेले होते आणि घरातल्या लहान मुलांना पणजोबा फ्रान्समध्ये आहेत असं शिकवून झालं होतं.

फेरफार

जमिनीच्या मालकाचं नाव बदलायचं म्हणजे कुठेतरी फेरफार पडलेला असणार. माणूस बसऱ्याला मरो की घरी, तलाठ्याला वारस लावावेच लागतात. हा विचार पहिल्या दिवशी सुचायला हवा होता.

सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर त्या गावाचे जुने फेरफार शोधले, पण हव्या त्या वर्षांचे दिसले नाहीत. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज केला. कुणबी नोंदींच्या शोधापासून या खोल्यांना बरे दिवस आलेत. रुमालांवरची, म्हणजे कागद बांधलेल्या कापडी गाठोड्यांवरची, धूळ झटकलेली असते आणि मोडी वाचणाऱ्याला चहा मिळतो. पहिल्या अर्जाला 'आढळ होत नाही' असा शेरा आला. दुसऱ्यांदा स्वतः जाऊन बसलो, तर हवं ते रजिस्टर शेजारच्या गावाच्या रुमालात बांधलेलं निघालं. तिथल्या कारकून मुलीनंच ते शोधून दिलं.

1919 सालची नोंद, मोडीत. खातेदाराचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे मजकूर असा: इसम मजकूर सरकारी फौजेत चाकरीस असता बसऱ्याकडे मयत. वारस एक अज्ञान (अल्पवयीन) मुलगा. अज्ञान पालन कर्ता म्हणून चुलत्याचं नाव.

बसरा. फ्रान्सचा प्रश्न तिथेच मिटला. आपल्याकडच्या जुन्या बोलण्यात सगळं मेसोपोटेमिया (आजचं इराक) म्हणजे बसरा, आणि सगळं पहिलं महायुद्ध म्हणजे जर्मनची लढाई, मग समोर तुर्क का असेनात. बाईंच्या आजीचा शब्द बरोबरच होता. चुकलो आम्ही, कारण तो नकाशावर लावून वाचला.

पण त्या कागदात दुसरीही एक गोष्ट होती. मुलाची पालन कर्ती म्हणून आईचं नाव नव्हतं, चुलत्याचं होतं. म्हणजे पणजीला डावललं, हे घरातलं पाचवं वाक्य सरकारी कागदावर आल्यासारखं दिसलं.

मी त्या नोंदीचा फोटो बाईंना पाठवला, सोबत मोडीचा वाचून काढलेला मजकूर. त्यांनी तो दहा मिनिटांत भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, "शेवटी सत्य बाहेर आलं." थोरल्या घराण्यातले तात्या, वय 80 च्या पुढे, बाईंचे चुलत चुलते, त्या ग्रुपवर होते. त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

हे किती महागात पडणार होतं ते तेव्हा कळलं नाही.

देव्हाऱ्यातली चकती

पितृपंधरवड्यात बाईंनी मला गावी बोलावलं. सर्वपित्रीचा दिवस. बाईंच्या आई, वय 80 च्या पुढे, देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती ताम्हनात काढून धूत होत्या. खंडोबा, जोतिबा, अन्नपूर्णा. त्यातच तळहातापेक्षा थोडी मोठी, जाड, काळपट पितळी दिसणारी एक गोल चकती. हळदीकुंकवाचे थर इतके की वरचं चित्र अर्धं बुजलेलं. एक बाई उभी, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह.

मी विचारलं, "ही कुठली देवी?"

"ती व्हय? भवानी न्हवं का. तुझ्या... हिच्या आजीच्या आधीपासनं हाय घरात."

हात पुसून मी ती हातात घेतली. त्रिशूळवाली बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. लढाईत मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारनं पाठवलेली ही ब्राँझची स्मृतिचकती, व्यास 120 मिलिमीटर. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, असं चकतीला विचारून उपयोग नाही. उजव्या बाजूच्या चौकटीत मेलेल्याचं पूर्ण नाव उठावदार अक्षरांत असतं. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे अशी त्यामागची कल्पना.

म्हणजे शंभर वर्षं या घरात पणजोबांच्या नावाला रोज हळदीकुंकू लागत होतं आणि कुणाला माहीत नव्हतं.

इथे दुसरा निर्णय. नाव असायचं त्या चौकटीत कुंकू घट्ट बसलेलं. बाईंचा भाचा म्हणाला, सोनाराकडे नेऊन पॉलिश करून आणतो, तासाभराचं काम. मी हात जोडले. पॉलिशनं ब्राँझची अक्षरं घासली जातात आणि घासलेलं अक्षर परत येत नाही. बाईंच्या आईंचा आक्षेप वेगळाच होता: "देवी घराबाहेर जायची न्हाई." दोन्ही आक्षेपांचा निकाल एकच लागला. चकती ताम्हनातच राहिली. आईंनी दरवर्षीप्रमाणे कोमट पाण्यानं ती धुतली, ओल्या सुती फडक्यानं टिपली. मग खिडकी बंद करून मी मोबाइलची बॅटरी बाजूनं, जवळजवळ आडवी धरली. तिरप्या उजेडात उठाव सावली टाकतो. चौथ्या फोटोत नाव वाचता आलं.

ते नाव हाकेचं नव्हतं, पण फेरफारातलं होतं, एका अक्षराच्या फरकानं. त्याच आठवड्यात हेळवी आला, तेव्हा बापाचं नाव फेरफाराशी ताडून बघायला त्यालाही बसवलं. त्याच्या चोपडीत तीच जोडी, बाप आणि दोन मुलगे. बाई हेळव्याला चहा देताना म्हणाल्या, "तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "कोण विचारतंय बाई आता, सगळं मोबाइलमधी."

तीन नावं

खरं नाव मिळाल्यावर पुन्हा कमिशनच्या यादीकडे गेलो. आधीच्या शोधांत आम्ही नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात टाकत होतो. हिंदी शिपायांच्या बाबतीत कित्येकदा अख्खं नाव आडनावाच्या रकान्यातच असतं, त्यामुळे त्या पद्धतीनं काही हाती लागत नाही. अख्खं नाव एकाच रकान्यात, मग त्याची चार-पाच स्पेलिंगं, आणि स्मारक म्हणून बसरा.

तीन माणसं निघाली. एक 103 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, एक 105 व्या, एक 110 व्या. एकाला बापाचं नाव दिलेलं नाही, दुसऱ्याला दिलेलं पण गाव नाही, तिसऱ्याचा जिल्हा रत्नागिरी. रत्नागिरीचा गेला, दोन राहिले.

बाईंना 103 वा हवा होता, कारण 103 वी पलटण 1922 नंतर रेजिमेंटची पहिली बटालियन झाली आणि ती 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. आजीचं 'जंगीत होते' हे वाक्य एकदम जागेवर बसलं. मलाही तेच हवं होतं, म्हणूनच मी जरा थांबलो. फ्रान्सच्या वेळीही सगळं जागेवर बसलं होतं. आजीनं हे वाक्य नवऱ्याकडून ऐकलेलं, नवरा बाप गेला तेव्हा तीन-चार वर्षांचा. मधल्या काळात गावातली दुसरी माणसंही जंगी पलटणीत जाऊन आली असतील आणि शब्द तिकडून चिकटला असेल.

नंबर हवा होता. नंबर पदकाच्या कडेवर असतो. पदक घरात नव्हतं.

पदक

पदक तात्यांकडे असल्याचं गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. तात्या बोलत नव्हते. फोन उचलत नव्हते, बाई दारात गेल्या तर "झोपलेत" असा निरोप.

आता मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक मागितलं. 1918 साल काढलं. त्या वर्षीच्या उत्तरार्धात पानांमागून पानं एकाच कारणानं भरलेली, ताप. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एकेका दिवशी एकेका आळीतली तीन-तीन, चार-चार माणसं. त्यात पणजीचं नाव होतं. गाव तेच, सासरचं. माहेर नव्हे.

म्हणजे 1919 ला फेरफार पडला तेव्हा मुलाची आई जिवंतच नव्हती. चुलत्याचं नाव लागलं कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. शंभर वर्षं भावकीत फिरणारं पाचवं वाक्य खोटं होतं, आणि त्यावर शिक्का मारल्यासारखा अर्धा कागद मी पाठवला होता.

हे ग्रुपवर टाकायचं नाही, एवढं मात्र या वेळी ठरलं. बाईंचं म्हणणं होतं की पत्र लिहू. मी म्हटलं, तुम्ही समोर बसून सांगा. गावची जत्रा जवळ आली होती, त्या दिवशी तात्यांच्या ओट्यावर सगळे बसतात. बाई नक्कल घेऊन गेल्या, त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "तात्या, आमचं चुकलं. पणजी मानमोडीत गेली. तुमच्या आज्यानं आमच्या आज्याला सांभाळलं."

तात्यांनी कागद बराच वेळ उलटासुलटा केला. मग म्हणाले, "आमचा आजा सांगायचा, पोराला देवी दिली आणि राजाचं डोकं आपण ठेवलं." देवी म्हणजे चकती. सून आत जाऊन पितळी डबा घेऊन आली. त्यात चांदीचं पदक, एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार. वरची कडी तुटलेली, फीत केव्हाच गेलेली. बाकीची ब्राँझची पदकं होती की नव्हती, कुणाला आठवत नव्हतं.

कडेवर बारीक अक्षरं: नंबर, शिपाई, नाव, मग 103 आणि पलटणीचं आखूड रूप. नंबरातला तिसरा अंक 3 आहे की 8, हे भिंगातूनही नीट कळेना. कमिशनच्या नोंदीत तो 8 होता. बाकीचे सगळे अंक जुळत होते.

निष्पत्ती

103 वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. मेसोपोटेमियात नदीच्या कडेनं वर सरकत ही डिव्हिजन नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, म्हणजे आजच्या सलमान पाकला, पोचली. तिथे जुन्या इराणी राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे. 22 नोव्हेंबरला तुर्कांच्या खंदकांवर हल्ला झाला. पहिली फळी घेतली, पण मेलेल्या-जखमींचा आकडा साडेचार हजारांवर गेला आणि जनरल टाउनशेंडला माघार घ्यावी लागली. उरलेले कुट अल अमारात अडकले आणि 29 एप्रिल 1916 ला शरण गेले. त्यानंतरची कैद हा वेगळा आणि वाईट अध्याय आहे. पणजोबा तिथवर पोचले नाहीत. त्यांच्या नोंदीत तारीख 22 नोव्हेंबर 1915 आहे.

ही तारीख दगडावरची रेघ नाही, हे बाईंना सांगितलं. लढाईत बेपत्ता झालेल्यांना अनेकदा लढाईचीच तारीख लावली जायची. तो माणूस दोन दिवसांनी जखमांनी गेला असेल तरी कागद तेच सांगेल.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. ज्यांची कबर वा चिता माहीत नाही अशा 40 हजारांहून अधिक जणांसाठी ते बांधलं. भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं होती, पण हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. नावं वेगळ्या पुस्तकात. 1997 मध्ये सद्दामच्या हुकमानं ते स्मारक बंदरातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर दूर नेलं. 2021 मध्ये कमिशननं स्वतःच्याच अहवालात मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना वेगळी, कमी वागणूक मिळाली. लंडनच्या पुतण्यानं हे वाचून विचारलं, "मग जाऊन बघायचं तरी काय, आकडा?" त्याला उत्तर देता आलं नाही.

चकती देव्हाऱ्यातच आहे. पदक तात्यांकडेच आहे, बाईंनी मागितलं नाही. दोन्हींचे फोटो, फेरफार आणि कोतवाल बुकाच्या नकला अशी एक फाइल दोन्ही घरांत एकेक ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

आधी घर धुंडाळायला हवं होतं. नुसतं "काही कागद आहेत का" विचारून भागत नाही. लोकांच्या दृष्टीनं ती वस्तू शिपायाची नसतेच. देवी असते, झाकण असतं, वजन असतं. "घरात जुनं गोल काही आहे का, राजाचं डोकं आहे का, सिंह आहे का," असं विचारायला हवं. पुढच्या दोन घरांत मी तसं विचारलं. एका घरी तशीच चकती बरणीवर सापडली.

आजीच्या चार वाक्यांतले शब्द तसेच वहीत उतरवून, त्यांचा अर्थ न लावता ठेवायला हवे होते. 'जर्मन' आणि 'जंगी' हे दोन्ही शब्द आम्ही भाषांतर करून हरवले.

फेरफाराचा फोटो मृत्यूच्या नोंदीशिवाय एकटाच पाठवला, ही सगळ्यात मोठी चूक. तिच्यापायी सहा महिने तर गेलेच, शिवाय एका म्हाताऱ्या माणसाला ग्रुपवर खोटं ठरवलं गेलं. वारसाची नोंद आणि मृत्यूची नोंद एकत्र वाचल्याशिवाय यापुढे कुणाच्या हातात देत नाही. वेळ लागला तरी चालेल.

फ्रान्सचा निर्णय थांबवला ते बरोबर होतं, पण थांबवण्यासाठी चार महिने का लागले? बापाचं नाव पहिल्याच दिवशी जुळत नव्हतं. बाई नाराज होतील म्हणून मी गप्प बसलो, दुसरं कारण नाही.

तिथीचा प्रश्न शेवटी बाईंच्या आईंसमोर ठेवला. बाईंच्या भाच्यानं जुनं पंचांग शोधून सांगितलं होतं की 22 नोव्हेंबर 1915 म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला लागूनचा दिवस, त्यावरून म्हाळाची तिथी नीट काढता येईल. आईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सासूबाईनी सर्वपित्रीला घातला, म्या सर्वपित्रीला घातला. आता त्यांना दुसऱ्या दिवशी कुठं बोलवू? चुकत्याल वाट." मग बाईंकडे बघून म्हणाल्या, "पानं मातुर दोन काढ. पणजीचं पन घाल यंदापासनं."

सर्वपित्रीला तात्यांची सून आळूच्या वड्या घेऊन आली होती.